गिअरबॉक्सचा डॉक्टर

त्याला सगळे डॉक्टर म्हणत. दवाखाना नव्हता, होता तो एक पिकअप ट्रक, तोही ऑटोमॅटिक गिअरचा. सुताराच्या कारखान्यातली कपाटं त्यात भरून तो घाटावरच्या गावांना पोचवायचा. पण बोलायचा ते फक्त गाडीच्या तापाबद्दल, म्हणून डॉक्टर. घरात कुणी तापानं फणफणलं की मात्र थर्मामीटर सापडत नसे.

त्याचं हे वेड काही उगाच नव्हतं. पहिला गिअरबॉक्स याच घाटात जळाला होता. आतलं लालभडक तेल काळंकुट्ट होऊन बाहेर आलं आणि गाडी जी बसली ती दीड महिना उठली नाही. दुसरा गिअरबॉक्स बसवल्यावर डॉक्टरनं तेलाचा ताप दाखवणारा एक मीटर आणला आणि एका रविवारी गाडीखाली झोपून स्वतःच्या हातानं लावला. गॅरेजवाला म्हणाला, “मी बघून देतो.” हा म्हणाला, “काही गरज नाही.” हट्टी माणूस! पुढची नऊ वर्षं त्यानं त्या मीटरला दुसऱ्या कुणाचं बोट लागू दिलं नाही.

नियम साधा होता. तेलाचा काटा एकशेदहावर गेला की थांबायचं, नव्वदवर आला की निघायचं. घाटात तिसऱ्या वळणावर एक सपाट जागा आहे. काटा बरोबर तिथंच एकशेदहा दाखवायचा. डॉक्टर गाडी न्यूट्रलला टाकायचा, इंजिन चालू ठेवायचा, मागच्या चाकाला दगड लावायचा, बॉनेट उघडायचा आणि डोळ्यांत तेल घालून काट्याकडे बघत बसायचा. गाडीत कोण आहे, कुणाला कसली घाई आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नसे.

चार वर्षांपूर्वी गाडीत त्याची बायको होती. तिच्या भावाचा फोन आला होता, बाबांचं काही खरं नाही, लगेच निघा. गाडीत दोन कपाटं भरलेली होती, ती उतरवायलाही न थांबता दोघं निघाले. तिसऱ्या वळणावर काटा एकशेदहावर गेला. डॉक्टर थांबला. “चला ना हो,” बायको म्हणाली. “गिअरबॉक्स जळला तर इथंच बसावं लागेल,” तो म्हणाला. हे काही खोटं नव्हतं. ती आणखी दोनदा म्हणाली. काटा नव्वदवर आला तेव्हाच गाडी निघाली.

पोचले तेव्हा मेहुणा दारातच उभा होता. “बाबांना जाऊन दहा मिनिटं झाली,” तो म्हणाला. बायकोनं त्यावर कुणालाच काही ऐकवलं नाही. डॉक्टरला वाटलं, विषय संपला.

परवा काटा अडकला. शेवटी नाइलाजानं डॉक्टर गॅरेजमध्ये गेला. गॅरेजवाला गाडीखालून बाहेर आला आणि हात पुसत राहिला.

“हा मीटरचा सेन्सर कुणी बसवला?”

“मी.”

“तरीच. अरे, हा तू कूलरकडे जाणाऱ्या नळीवर बसवलास. तिथं तेल सगळ्यात तापलेलं असतं. बघायचं असतं ते गिअरबॉक्सच्या खालच्या चेंबरमधलं. ते या ओझ्यानं घाटात नव्वदच्या वर जायचं नाही.”

“मग मी थांबायचो ते?”

“हवा खायला,” गॅरेजवाला म्हणाला आणि हसला. डॉक्टर हसला नाही. नऊ वर्षांतले सगळे थांबे त्यानं मनातून सोडून दिले, एकच सोडता येईना.

न सांगताही भागलं असतं. कुणाला कळणार होतं? पण घरी गेल्या गेल्या, चपला न काढता, त्यानं सांगून टाकलं. बायको इस्त्री करत होती. तिनं इस्त्री उभी करून ठेवली.

“म्हणजे त्या दिवशी थांबायची गरज नव्हती.”

“नव्हती.”

“मी तीनदा म्हणाले होते, चला म्हणून. माझे बाबा जात होते, आणि तुम्ही त्या काट्याचं ऐकलंत.” तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर डॉक्टरला बरं वाटलं असतं. “मला तुमचा फार राग आहे. चार वर्षं आहे. मीच स्वतःला समजावत होते, की गाडी जळली असती.”

त्यापुढे आठ दिवस घरात फक्त कुकर बोलला. नवव्या दिवशी घाटावर कपाट न्यायचं होतं. बायको न विचारता गाडीत येऊन बसली.

तिसरं वळण आलं. सेन्सर आता चेंबरला होता आणि काटा पंच्याऐंशीवर. डॉक्टर पुढे निघाला.

“थांबवा,” ती म्हणाली.

“अगं, आता गरज नाही.”

“मला आहे.”

त्यानं गाडी सपाट जागेवर घेतली आणि सवयीनं चाकाला दगड लावला. बॉनेट मात्र उघडलं नाही. ती खाली उतरून कठड्यापाशी गेली, आणि चार वर्षांत पहिल्यांदा बाबांसाठी मोठ्यानं रडली. डॉक्टर तिच्यापासून दोन हातांवर उभा राहिला. जवळ जावं की नाही ते त्याला कळेना. मागून आलेल्या ट्रकवाल्यानं ओरडून विचारलं, “काय डॉक्टर, तापली का?” त्यानं हातानंच जा म्हणून सांगितलं.

बऱ्याच वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं.

“किती झाली?”

त्यानं मीटरकडे पाहिलं नाही, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“पंचवीस मिनिटं.”

“तेव्हाही तेवढीच होती,” ती म्हणाली. “चला आता.”