टोपलीवरची अमेरिका

आमच्या शेजारच्या अरुंधतीबाई उभ्या आयुष्यात पुण्यापलीकडे गेल्या नाहीत, पण अमेरिका शिकायला पुण्याच्या कॉलेजातली मुलं गाडी धरून त्यांच्याकडे लोणावळ्याला येत. यात माझं तिखटमीठ नाही. असलंच तर चवीपुरतं.

झालं असं, की वलवणच्या वाटेवरची एक अमेरिकन मडम मायदेशी परतली आणि तिच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव निघाला. बाईंचे यजमान माधवराव रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. बाईंनी त्यांना लोणच्याच्या बरण्यांसाठी कपाट आणायला धाडलं. त्यांनी आणलं, तेही कुलूपबंद. कुलूप फोडलं तर आत वरपासून खालपर्यंत अमेरिकेचा इतिहास. बरण्या अजून जमिनीवरच आहेत.

ही पुस्तकं पुण्यातसुद्धा सहजी हाती लागत नाहीत, हे कळल्यावर बाईंनी मुलांना दार उघडलं, पण नियम घालून. पुस्तक घराबाहेर जाणार नाही, आणि वाचलेलं प्रकरण निघण्यापूर्वी बाईंना मराठीत सांगायचं. त्या तांदूळ निवडत ऐकायच्या. त्यांना समजलं नाही तर मुलानं पुन्हा वाचायचं. कितीतरी हुशार पोरांची गाडी त्यांनी अशी चुकवली.

कुसगावचा हौशीराम बाईंकडे येणाऱ्या मुलांतलाच. गावातून कॉलेजात गेलेला पहिला मुलगा, आणि बी.ए.ला नेमका अमेरिकेच्या इतिहासात आपटलेला. दसऱ्यानंतर पुन्हा परीक्षा होती. या खेपेला पास झाला नाहीस तर नांगर धरायचा, असं त्याच्या वडिलांनी, भिमाजींनी, बजावलं होतं.

आता आमच्याकडचा पावसाळा म्हणजे भिंतींनाही बुरशी. कपडे वाळवायचे तर कोळशाच्या शेगडीवर बांबूची टोपली उपडी घालून. बाई पुस्तकंही तशीच शेकायच्या, आणि वर आपल्या पुस्तकाला बुरशी शिवत नाही असा तोरा. भाद्रपदात एका दुपारी अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिणेच्या यादवीचं पुस्तक टोपलीवर होतं आणि बाई आमच्या ओट्यावर. पनामाचा कालवा कसा खणला, ते मला रंगवून सांगत होत्या. जळका वास आला तेव्हा मी आधी आमचं दूध बघून आले.

टोपली गेली, पुस्तकही निम्मं गेलं. दुसऱ्या दिवशी हौशीराम आला आणि राख बघून उंबऱ्यातच बसला.

"आता नांगरच, मावशी."

"नांगर कुठं पळून जात नाही," बाई म्हणाल्या. "ही लढाई मला इतक्या पोरांनी सांगितलीय, की पुस्तक जळलं तरी ती शिल्लक आहे. आज मी सांगते. तू तांदूळ निवड."

आणि सांगितली की हो! दक्षिणेत कापसाचे मोठे जमीनदार, त्यांच्या शेतात विकत घेतलेली माणसं राबायची. ही चाल पश्चिमेच्या नव्या मुलखात पसरू द्यायची नाही, असं उत्तरेनं धरलं, तशी दक्षिणेनं वेगळी चूल मांडली. हौशीरामचा सुपातला हात थांबला.

"म्हंजी भांडान वाटणीचं न्हाईच. राबनाऱ्याचं हाय. वाटणी नुसती म्होरं केली."

"हेच लिही. बाकी सगळी शोभा."

प्रश्न तोच आला, आणि त्यानं लिहिलं तेच. पास झाला, आणि चांगला झाला.

निकालानंतर भिमाजी स्वतः आले, आंबेमोहराचं गाठोडं आणि नवी कोरी टोपली घेऊन. ठेवून निघणार, तर बाईंनी नियम सांगितला: या घरातून काही सांगितल्याशिवाय कुणी जात नाही, पोरगा काय शिकला ते सांगा. मी भिंतीवरून मान लांब केली. अशी करमणूक रोज कुठली?

भिमाजींनी मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. "दुसऱ्याच्या घामावर शेत पिकवलं, आन् जाब इचारला तशी चूल येगळी मांडली. आमच्या भावकीत बी आसली दोन घरं हायती."

"पास," बाई म्हणाल्या. "आणि नांगराचं काय ठरलं?"

"नांगर माज्यापाशीच ऱ्हाईल, बाई. पोराला म्होरं शिकू द्या."

माधवराव तेवढ्यात कामावरून आले. त्यांना बाईंनी अजून एकाही प्रकरणात पास केलेलं नाही.