दोन टाळ्या

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मी नाशिक रोडच्या घरी शर्टावर छातीचा नंबर टाचत होतो. बायको शोभा भाजी निवडता निवडता म्हणाली, "अंगात नाही बळ आणि चिमटा घेऊन पळ. निम्म्यातून परत आलात ना, तर ते बूट मी भंगारात देईन."

तिचं चुकत नव्हतं. फौजेतून आल्यापासून तीनदा नाव दिलं आणि तिन्ही वेळा अर्ध्या वाटेवर थांबलो. या वेळी पंचेचाळीसच्या वरच्या गटात पहिले सहा जण जिल्ह्याच्या संघात जाणार होते. मला त्या सहांत यायचं होतं. पुन्हा थांबलो असतो, तर यापुढे नाव द्यायला तोंड राहिलं नसतं.

थांबण्याचं कारण शोभाला ठाऊक होतं. बाकीच्यांना मी घोट्याचं सांगायचो. खरं कारण सांगायचं, तर आधी आमच्या कंपनीची पळण्याची पद्धत सांगायला हवी.

कंपन्यांच्या क्रॉसकंट्रीत सहा जणांचा संघ असे आणि घड्याळ शेवटच्या माणसावर थांबे. एकटा वाऱ्यासारखा पळून उपयोग शून्य. म्हणून आम्हाला पळायला शिकवणाऱ्या उस्तादांनी उलटा क्रम लावला होता. सगळ्यात मंद गडी सगळ्यात पुढे, सगळ्यात तगडा शेवटी. पुढचा गडी मी. कंपनीतलं अधिकृत गाढवच म्हणा. शेवटी लान्सनायक एकनाथ गांगुर्डे, नांदगावचा, शेतकऱ्याचा मुलगा. तो रोज माझ्या मागे पळायचा आणि रोज मला चिडवायचा, "दादा, तुमच्या पाठीचा नकाशा पाठ झाला मला."

पुढच्याने मागे वळून बघायचं नाही, असा उस्तादांचा हुकूम होता. मान वळली की पाय चुकतो. म्हणून मागून एकनाथ थोड्या थोड्या वेळाने दोन टाळ्या वाजवी. दोन टाळ्या म्हणजे मागे सगळं ठीक, पुढे चला. टाळ्या आल्या नाहीत की सगळ्यांनी थांबायचं आणि मागे जायचं. या पद्धतीवर आम्ही ढाल जिंकली होती. पुढे कंपनीची बदली उत्तरेला बर्फात झाली, तेव्हा धुक्यातल्या गस्तीलाही आम्ही हाच क्रम आणि हीच खूण ठेवली.

त्या दिवशी आम्ही सहा जण गस्त संपवून दुपारी पोस्टकडे परतत होतो. वारा पडला होता. धुकं इतकं दाट उतरलं की स्वतःचे बूट दिसेनात. मी पुढे होतो. उतार संपून नाला लागला, तेव्हा मागे काहीतरी खचल्यासारखा दबका आवाज झाला. मी थांबलो. लगेच दोन टाळ्या आल्या. मी चालू लागलो. चढावर पुन्हा दोन टाळ्या. त्या दिवशी त्या नेहमीपेक्षा स्वच्छ ऐकू येत होत्या. पोस्टच्या तारेच्या कुंपणाला हात लागला, तेव्हाही मागे दोन टाळ्या वाजल्या. अगदी जवळ.

मी रेडिओवर कंपनीच्या मुख्यालयाला कळवलं.

"पार्टी पहुँच गयी. ओव्हर."

"कितने जवान? ओव्हर."

मी मागे वळून स्वतःसकट मोजले. "पाँच, सर."

"पार्टी छह की थी. फिर से गिनो."

"पाँच, सर."

तारेपाशी आमच्या पाच जणांच्याच पावलांचे ठसे होते. आम्ही तिथूनच परत फिरलो. अंधार पडेपर्यंत शोधलं, पण धुक्यात नाल्यापलीकडे जाता आलं नाही. हाका मारल्या. कुठूनच काही उत्तर आलं नाही. सकाळी पुन्हा निघालो आणि पार मागे, नाल्याच्याही पलीकडे, उताराचा बर्फ सरकलेला दिसला. तिथे उतरताना माझा घोटा मोडला. घोटा पुढे जुळला, पण पळणं काही जुळेना. पळायला लागलो की थोड्या वेळाने मागची शांतता अंगावर यायची आणि पाय आपोआप थांबायचे. टाळ्या नाहीत म्हणजे थांबायचं, एवढंच त्यांना शिकवलं होतं.

शर्यत गंगापूर धरणाच्या बाजूला होती. दहा किलोमीटर, जाऊन परत. थंडी कडाक्याची होती आणि पाण्यावरचं धुकं रस्त्यावर आलं होतं. बाजूचे द्राक्षांचे मळेही दिसत नव्हते. वळणावर उभ्या असलेल्या पंचाने ओरडून सांगितलं, "सहावा!" म्हणजे मी काठावर होतो. एकजण जरी पुढे गेला, तरी संपलं.

परतीच्या वाटेवर पुढचा माणूस धुक्यात गेला आणि मी एकटा पडलो. घोटा ठणकत होता. मग ती शांतता आली. मला भीती वाटली, उगाच कशाला लपवू? पावलं आखूड झाली. आता थांबणार, हे मला कळत होतं.

मागे दोन टाळ्या वाजल्या.

मी वळून पाहिलं नाही. पाय पुढे पडले. पाण्याच्या कडेला आणखी दोन वाजल्या. शेवटच्या चढावर पुन्हा दोन, मानेला हवा लागावी इतक्या जवळून. मी रडत पळत होतो आणि सहावा आलो.

माझ्या मागोमाग सातवा आला. मनमाडचे शेखभाई, रेल्वेतले. गुडघ्यांवर हात टेकून दम खात म्हणाले, "भाऊ, लय चिवट निघाले तुम्ही. पण पळता पळता टाळ्या कशाला वाजवत होते?"

"मी नाही वाजवल्या."

"मंग कोणी? आपल्या दोघांच्या मधी तर कोणीच नव्हतं."

मी त्यांना बाजूच्या कठड्यावर बसवलं आणि एकनाथचं सांगितलं. जे घरीही कधी नीट सांगितलं नव्हतं, तेही सांगितलं.

एकनाथ आम्हाला छातीपर्यंत बर्फात गाडलेला सापडला. पाय खाली अडकले होते. त्याच्या भोवतीचा उतार इतका भुसभुशीत होता, की आम्हाला दोर लावून एकेकाने जावं लागलं. आदल्या दिवशी धुक्यात पाच जण तिथे धावले असते, तर पाचही गेले असते. त्याचे दोन्ही हात वर, मोकळे होते. जाड हातमोज्यांत टाळी दबकी वाजते, लांब जात नाही. त्याने ते काढून कोटात खोचले होते. हात उघडे होते आणि काळेनिळे पडले होते.

नाल्यापाशी आणि चढावर ऐकल्या, त्या टाळ्या त्याच्याच. तारेपाशी वाजल्या त्या कोणाच्या, हे मला अजून सांगता येत नाही.

शेखभाईंनी विचारलं, "ओरडला का नाही तो?"

ओरडला असता तर आम्ही मागे फिरलो असतो. गप्प राहिला असता तरी फिरलो असतो. हे लान्सनायक एकनाथ गांगुर्डेला ठाऊक होतं, म्हणून तो टाळ्या वाजवत राहिला.