इमानवाला आकाराम

गंगावेशीत जाऊन ‘आकाराम सुताराचं दुकान कुठं?’ असं विचारलं, तर समोरचा डोकं खाजवायचा. ‘इमानवाला आकाराम’ म्हटलं, की दूधकट्ट्यावर पेला तोंडाला लावलेला माणूससुद्धा पेला खाली घेऊन बोट दाखवायचा. वर हसायचा. आमच्या भागात बोलताना विमानाचं इमान होतं, त्यामुळं नाव ऐकायला मोठं भारदस्त वाटे. पण ते ठेवलं होतं चेष्टेनं, आणि चेष्टेनं ठेवलेलं नाव कोल्हापुरात माणसाची सरणापर्यंत पाठ सोडत नाही.

त्याचं असं झालं. संस्थानाच्या काळात, आकाराम नुकता विशीत आला होता तेव्हा, उजळाईवाडीच्या माळावर एक विमान उतरलं. बघायला गर्दी लोटली. लोक पुढच्या पंख्याकडं बघत होते, आतल्या साहेबाच्या चष्म्याकडं बघत होते. आकाराम मात्र रेटारेटी करत पुढं घुसला आणि त्यानं पंखाला खालून टिचकी मारली. टिचकीच्या आवाजावरून लाकूड ओळखणाऱ्यांची त्याची पिढी. ताणलेलं कापड, आणि आत लाकडाच्या फासळ्या! तो घरी आला तो ताप भरल्यासारखा. धाकट्या भावाला, पिराजीला, म्हणाला, “आरं, ह्ये तर सुतारकाम हाय!”

हे एक वाक्य त्या घराला भोवलं.

दिवसा टांग्याची चाकं करायची आणि हात मोकळा झाला, की विमान. मेसकाठ्या, शिवणीचं हलकं लाकूड, खळ देऊन कडक केलेलं मांजरपाट, आणि भंगारातून आणलेल्या एका फटफटीचं इंजिन. दुकानाच्या भिंतीवर कुठल्याशा इंग्रजी मासिकातली दोन परदेशी भावांची चित्रं चिकटवलेली होती. हे दोघं सायकली दुरुस्त करायचे आणि त्यांनीच पहिलं विमान उडवलं, असं त्याला कुणीतरी वाचून सांगितलं होतं. सायकलवाल्या भावांना जमलं, तर टांगेवाल्या भावांना का जमू नये, हा आकारामचा सवाल. त्याची आई, तानाबाई, सणासुदीला त्या दोघांनाही हळदकुंकू लावायची. भिंतीवर आहेत म्हणजे देवच असणार, मग ते टोपीवाले का असेनात.

विमान टेंबलाईच्या टेकडीच्या उतारावर नेलं. आत बसला पिराजी, कारण तो अंगानं काटकुळा. मागून ढकलायला आकाराम. बघे वर देवळापाशी उभे. इंजिन खोकलं, पेटलं आणि त्यानं उन्हाळ्यातली सगळी धूळ मागं फेकली. आकाराम ढकलत ढकलत पळाला, ठेचकाळला आणि तोंडावर आपटला. डोळ्यांत मातीच माती. ती पुसून बघतो, तर विमान खालच्या ओघळीत मोडून पडलेलं आणि पिराजी त्याच्याखाली.

पिराजी वाचला. पण त्याचा डावा पाय गुडघ्यात पुन्हा कधी वाकला नाही. तो काठीसारखा सरळ राहिला आणि पुढं पिराजीचं लग्नही त्यामुळंच राहिलं. विमान उडालं होतं का, हे कुणालाच सांगता येईना. वरून बघणाऱ्यांना चाकं आणि जमीन यांतलं अंतर दिसणार कसं, त्यात ती धूळ. बहुतेकांनी मिळून ठरवलं, की ते उडालंच नाही, नुसतं घरंगळलं. ‘सुताराचं इमान, ओघळीत मुक्काम,’ अशी म्हणच झाली. तानाबाईनं थोरल्याच्या तळहातावर जोतिबाचा गुलाल ठेवला आणि सांगितलं, “पुन्यांदा इमान बांधशील, तर माझं मडं बघशील.” आकारामनं मूठ मिटली. भिंतीवरचे देव त्याच दिवशी चुलीत गेले.

एवढं झालं, तरी एक गोष्ट राहिलीच. वर्षा-सहा महिन्यांत कधीतरी, दुकानात दोघंच असताना, आकाराम रंधा थांबवून विचारायचा, “पिराजी, खरं सांग. उठलं हुतं का रं?”

पिराजी पाय लांब करून करवतीच्या दातांना कानस मारत बसलेला असायचा. मान वर न करता म्हणायचा, “दोन हात उठलं हुतं, दादा.”

कधी दीड नाही, कधी तीन नाही. कायम दोन हात. त्या दोन हातांवर आकारामचा संसार उभा होता म्हणा ना! भावाचा पाय फुकट गेला नाही, एवढंच त्याला हवं होतं. जगानं हसावं तेवढं हसावं.

चौसष्ट सालच्या उन्हाळ्यात एक उंचापुरा माणूस दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. अंगावर धूळ, गळ्यात लिंगाचा करंडा.

“इमानवालं आकाराम सुतार तुमीच न्हवं का?”

आकारामच्या हातात लाकूड तासायचा वाकस होता, तो वर गेला. तोंडावर इमानवाला म्हणायची हिंमत गल्लीतली पोरंसुद्धा लांब उभी राहूनच करत. “कुणी धाडलं तुला? कट्ट्यावर बसलेल्यांनी?”

“बस स्टँडावर विचारलं, पावणं. म्हटलं, इमान बांधणारं कोण हाय का कोल्लापुरात. त्येनी तुमचं नाव सांगितलं.” तो माणूस गोंधळला होता. “मी कागलाकडचा. बसगोंडा पाटील. आमचा आप्पा गेलाय सकाळी. इमान पायजे.”

आकारामचा हात खाली आला.

लिंगायतांत माणूस गेला, की त्याला आडवा नेत नाहीत. बांबूचं मखर बांधतात, त्यात त्याला मांडी घालून बसवतात, फुलं लावतात आणि मिरवत नेतात. त्या मखरालाही विमानच म्हणतात. आणि बसगोंडाची अडचण अशी, की साऱ्या गावाची विमानं बांधणारा माणूस म्हणजे त्याचा आप्पाच. दुसऱ्या कुणाचा हात त्यात बसलेला नव्हता. स्टँडवरच्या माणसानं चेष्टा केली नव्हती. ‘इमान’ म्हटल्यावर त्याला सगळ्या कोल्हापुरात एकच नाव ठाऊक होतं, ते त्यानं सांगितलं.

“मला आण हाय आईची,” आकाराम म्हणाला. “इमान बांधायचं न्हाई म्हणून.”

तानाबाई जाऊन पुष्कळ दिवस झाले होते, पण आण काही माणसाबरोबर जात नाही. तेवढ्यात आकारामची बायको, शालूबाई, आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, “आवं, आत्याबाईंनी आण घातली ती जित्त्या माणसाला बशिवणाऱ्या इमानाची. ह्यातल्या माणसाला आता काय हुयाचं ऱ्हायलंय?”

पिराजी कोपऱ्यातून म्हणाला, “जा, दादा.”

आकाराम गेला. त्यानं बांधलं ते विमान गावानं तोंडात बोट घालून पाहिलं. कमानी इतक्या सारख्या, की एकीवर दुसरी ठेवावी. म्हाताऱ्याला त्यात बसवताना आकाराम एकदाच बोलला, “मागं वजन पडू देऊ नका. माझं पयलं मागंच जड हुतं.” कुणाला त्यातलं काही कळलं नाही. उचलायची वेळ आली, तसा तो हत्यारं गोळा करून गोठ्यामागं गेला आणि हात धूत बसला.

मग बोलावणी येत राहिली. कागलाकडून, पेठ वडगावच्या बाजूनं, कधी पार कानडी मुलखातून. आकाराम जाई, विमान बांधी आणि ते उचलायच्या आधी पाठ फिरवी. लोकांना वाटे, सुतार मोठा हळवा. खरं म्हणजे त्याला धीर होत नव्हता. आपल्या हातचं विमान जमिनीवरून सुटताना बघायचं, तर ते पिराजीचं बघायचं होतं. ते राहिलं आणि बाकीची बघून काय करायची! गल्लीतलं हसणं मात्र हळूहळू थांबलं. मरणाचं काम करणाऱ्याला हसायला माणूस बिचकतो.

एकोणऐंशीच्या थंडीत पिराजीनं अंथरूण धरलं. छातीत कफ साचला, अन्न जाईना. डॉक्टर येऊन बघून गेले आणि दारात शालूबाईशी हळू आवाजात बोलले. त्या दुपारी आकाराम भावाच्या उशाशी बसला होता. काय बोलावं ते सुचेना, म्हणून त्यानं नेहमीचंच विचारलं. दोघांनाही त्याची सवय झालेली. विचारायचा तो उत्तरासाठी नाही, धीरासाठी.

“पिराजी, उठलं हुतं न्हवं?”

पिराजीनं मान वळवून भावाकडं पाहिलं. मग म्हणाला, “दादा, मी डोळं झाकलं हुतं.”

“आं?”

“भ्या वाटलं. तू ढकललंस आणि मी डोळं गच्च झाकलं. उघडलं ते ओघळीत.” त्याला धाप लागली. “तुला काय सांगू मग? तू त्वांड मातीनं भरलेलं घिऊन पळत आलास, आन् माझा पाय बघायच्या आदी इचारलंस, उठलं का. म्हटलं, दोन हात.”

आकारामला राग यायला हवा होता. चाळीस वर्षं ज्या खुंटीवर सगळं टांगलं, ती खुंटी भिंतीत नव्हतीच. पण राग आला नाही. वाईट वाटलं ते पिराजीचं. एवढी वर्षं हा माणूस कानस मारत बसला, न वाकणारा पाय पुढं घेऊन, आणि दर वेळी भावाला दोन हात उंच उचलत राहिला. आणि लाजही वाटली. पाय बघायच्या आधी आपण विमान विचारलं होतं, हे तो पार विसरला होता.

त्यानं भावाच्या त्या ताठ पायावर हात ठेवला. खूप उशिरा ठेवला. पिराजी दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गेला.

भावकी जमली. तिरडीचे बांबू आले. आकारामनं ते बांबू उचलून दुकानात नेले आणि पटाशी हातात घेतली. भावकीतला कर्ता माणूस म्हणजे कृष्णात. तो मागोमाग आत आला. “तात्या, ह्ये काय मांडलंय? सुताराचं मडं तिरडीवरनं जातंय. इमानातनं जायाला आपण काय लिंगायत हाय? गाव काय म्हणंल?”

“गाव चाळीस वर्षं इमानवालाच म्हणतंय की,” आकाराम म्हणाला. “आता आणि काय म्हणंल?”

विमान बांधताना एक अडचण आली. पिराजीची मांडी घालता येईना. डावा पाय मेल्यावरही वाकायला तयार नव्हता. आकारामनं त्याच्यासाठी पुढं फळी काढली. पुढं वजन गेलं, म्हणून मागं तेवढीच फळी काढावी लागली. मग ते सगळं पेलायला दोन्ही बाजूंनी आडवे बांबू लांबवले. बांधून झालं आणि भावकीतले म्हातारे एकमेकांकडं बघायला लागले. असाच आकार त्यांनी टेंबलाईच्या टेकडीवर पाहिला होता. कुणी हसलं नाही.

पण खांदा द्यायलाही कुणी पुढं होईना. रीत ती रीत. तेवढ्यात माणसांच्या मागून बसगोंडा आला. निरोप मिळाल्यावर तिघांना घेऊन मिळेल त्या एसटीनं आला होता. आकारामला त्यानं नमस्कार केला आणि भावकीला म्हणाला, “आमास्नी सवय हाय इमानाची. आमच्या आप्पाला ह्येंनी बशिवलंय. ह्यांच्या भावाला आमी न्हेतो.”

मग कृष्णातच वरमला. पुढं होऊन म्हणाला, “बरं. तात्या, शिंकाळं धरा. चला.”

विस्तवाचं शिंकाळं धरणारानं सगळ्यांच्या पुढं चालायचं असतं आणि मागं वळून बघायचं नसतं. पिराजीला ना बायको ना पोर, तेव्हा ते आकारामच्याच वाट्याला आलं. त्यानं शिंकाळं हातात घेतलं, दोन पावलं टाकली आणि थांबला.

“कृष्णात, ह्ये तू धर.”

“तात्या, आसं करू नये.”

“त्या टायमाला मी मागं हुतो, तरी मला दिसलं न्हाई. आता पुढं जाऊन कसं दिसंल?” त्यानं शिंकाळं पुढं केलं. “मला बघू दे की रं.”

कृष्णातनं ते घेतलं. आकाराम विमानाच्या मागं आला. धोतर सावरत गुडघ्यांवर बसला, मग हातांवर आला आणि साठी गाठलेल्या त्या माणसानं भर रस्त्यात, सगळ्या गंगावेशीसमोर, जमिनीला गाल लावला. शालूबाईनं तोंडाला पदर लावला. बसगोंडाला काय समजायचं ते समजलं. त्यानं बाकीच्यांना सांगितलं, “हळू. एकदम खांद्यावर घिऊ नका.”

चौघांनी बांबूखाली हात घातले. विमान कुरकुरलं. त्याच्या तळाखाली आधी उजेडाची बारीक रेघ दिसली. मग ती रुंद झाली, आणि तिच्यातून पलीकडची अनवाणी पावलं दिसली, दूधकट्ट्याचा दगड दिसला, कट्ट्यापुढं बांधलेल्या म्हशीचे पाय दिसले. मधे कुठंही माती उडत नव्हती.

“उठलं,” आकाराम म्हणाला. “पिराजी, उठलं रं. दोन हात.”

मग चौघांनी विमान खांद्यावर घेतलं.