खैरनार कंडक्टरचं पान

रंगनाथ खैरनार एसटीत कंडक्टर होते, तेव्हा गप्प बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. सारी नोकरी हरसूलच्या गाडीवर काढली. तिकीट फाडता फाडता कोणाची म्हैस व्याली, कोणाची लेक सासरहून रुसून आली, सगळं विचारून घ्यायचे. लोक वैतागायचे, पण सांगायचे. हा भोचकपणा उगाच नव्हता. संध्याकाळी शहरातल्या द्वारका चौकामागच्या दोन खोल्यांत लताबाई चहाचं आधण ठेवायच्या आणि विचारायच्या, "मग, आज कोण चढलं?" रंगनाथरावांचे बूट पायातच असायचे आणि गोष्ट सुरू झालेली असायची. मूलबाळ नव्हतं. हरसूलची अख्खी गाडी रोज त्या घरात उतरायची.

लताबाई गेल्या आणि तोंडाला कुलूप लागलं. घरातून निघताना "येतो गं" म्हणायची जुनी सवय. ती काही दिवस रिकाम्या खोलीवरही चालवून पाहिली. एकदा शेजारच्या दीपकने ऐकलं आणि विचारलं, "काका, पाहुणे आलेत का?" त्या दिवसापासून रंगनाथराव मुकाट्याने कडी लावून जिना उतरू लागले. द्वारकेला रात्रंदिवस माणसांचा पूर, पण "जेवलात का" असं विचारणारं त्यात कोणी नव्हतं.

जाण्याआधी लताबाईंनी हातातल्या पाटल्या काढून दिल्या होत्या. "त्या फाट्यावरच्या पाड्याची शाळा गळते म्हणत होतात ना? पोरं भिंतीला चिकटून बसतात म्हणे. तिथे लावा हे." रंगनाथरावांनी पाटल्या मोडल्या, त्यात आपल्या फंडातलं घातलं आणि खोली बांधायला शाळेच्या मास्तरांच्या हवाली केलं. खोली उभी राहिली. मास्तरांनी फोनवर विचारलं, "पाटीवर नाव काय टाकायचं?"

"कै. लताबाई," ते म्हणाले. मग जीभ वळवळलीच. "आणि रंगनाथ खैरनार. शेजारीच टाका."

मोठेपणाची हौस नव्हती हो. तिच्याजवळ बसायला जागा हवी होती, एवढंच.

उद्घाटनाला मात्र जाता आलं नाही. मोरीत घसरून खुबा मोडला. पाय जमिनीला लागेपर्यंत मास्तरांची बदली होऊन गेली, आणि पाड्यावर त्यांना ओळखणारं कोणी उरलं नाही. यंदा सर्वपित्री अमावास्या आली. घरी पान वाढायचं तर रांधणार कोण? निदान तिची खोली तरी पाहून येऊ, म्हणून काठी घेतली आणि हरसूलच्या गाडीत जाऊन बसले.

फाट्यापासूनची चढण चढून ते शाळेपाशी आले, दम खाल्ला आणि पाटी वाचली. 'कै. लताबाई व कै. रंगनाथ खैरनार यांच्या स्मरणार्थ.'

पाटी कोरणाऱ्याचंही काय चुकलं म्हणा! आपल्याकडे दगडावर नाव चढायचं तर माणूस आधी वर गेलेला असावा लागतो. त्याने दोघांनाही सरसकट कैलासाला धाडलं होतं. पाटीवर झेंडूची ताजी माळ होती. मागच्या कठड्यावर सागाची दोन पानं वाढलेली होती, त्यावर भात, भोपळ्याची भाजी, वडे, नागलीची भाकर. एक पान चोचींनी विस्कटलेलं, दुसरं जसंच्या तसं.

शाळेत खिचडी शिजवणारी कुसाबाई त्या दुसऱ्या पानाकडे काळजीने बघत उभी होती. काठीवाल्या पाहुण्याला तिने विचारलं, "वळखीचे का त्यांच्या, बाबा?"

"एकाच गाडीवर होतो," रंगनाथराव म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

"मग बरं झालं आलात. बाईंच्या पानाला बघा, वाढलं की कावळा शिवला. साहेबांचं पान तसंच. गेल्या साली बी तसंच. कावळा येतो, बघतो, उडून जातो. कायतरी इच्छा राहून गेली हाय त्यांची."

रंगनाथरावांना हसू फुटणार होतं. पाटीवाल्यापेक्षा कावळा शहाणा निघाला! 'अहो बाई, मी जित्ता आहे,' हे शब्द ओठावर आलेही होते.

"आमच्या पोरांच्या डोक्यावर पक्कं छप्पर घातलं त्या माणसानं," कुसाबाई म्हणाली, "आन दर साली उपाशी जातो. मला लय वाईट वाटतं, बाबा. काय राहिलं व्हतं त्यांचं? सांगा, आम्ही पुरं करू."

ते शब्द तिथेच विरले. आपण जेवलो की नाही याची काळजी करणारं माणूस त्यांना किती वर्षांनी भेटत होतं, आणि तेही मेल्यावर!

"बोलायचा फार," ते म्हणाले. "संध्याकाळी बायको विचारायची, आज गाडीत कोण चढलं. ती गेली, मग कोणी विचारलंच नाही. तेवढंच राहिलं त्याचं."

कुसाबाईने पदर सावरला आणि न शिवलेल्या पानापुढे हात जोडले. "साहेब, आम्ही इचारू," ती म्हणाली. मग वळून तिने खुर्ची पुसून पुढे ठेवली. "बसा, बाबा. त्यांच्या बदली तुम्ही सांगा. आज यष्टीत कोण चढलं?"

रंगनाथराव बसले. मग त्र्यंबकला चढलेली म्हातारी आठवली. तिच्या पिशवीतून कोंबडा डोकं काढून बघत होता, आणि नवा कंडक्टर त्याचं अर्धं तिकीट मागत होता. म्हातारी म्हणाली, याला शीट दे, मग तिकीट काढते. खिचडी खाणारी पोरं ताटल्या घेऊन जवळ सरकली. आरोही नावाची पोर सारखी विचारत होती, "मग? मग?" आणि गाडी पुढे पुढे चालली होती. रंगनाथराव हातवारे करत होते, घंटी मारत होते, उतारूंशी भांडत होते.

"शिवला!" कुसाबाई ओरडली.

कठड्यावर कावळा बसला होता. त्याने वडा उचलला, भात विस्कटला, भाकरीचा तुकडा ओढून नेला. रंगनाथराव आपलंच पान रिकामं होताना बघत राहिले.

"सुटले बिचारे," कुसाबाई डोळे पुसत म्हणाली.

आता तर खरं सांगायची सोयच उरली नाही. सांगावं तर या बाईचं समाधान हिरावून घ्यायचं. ते काठी टेकत उठले.

"पुढल्या साली या, बाबा. इचारायचं कबूल केलंय त्यांना. सांगायला कोणीतरी लागंल ना?"

रंगनाथरावांनी पाटीवरच्या दोन नावांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कडी लावताना इतकी वर्षं गिळलेला शब्द आपसूक बाहेर पडला.

"येतो."

"या," कुसाबाई म्हणाली, आणि त्यांचं नाव विचारायचं तिच्याकडून राहूनच गेलं.