गॅलरीतून केलेली खूण

हे मी विमललासुद्धा सांगितलं नाही. खरं तर सांगायचं होतं ते तिलाच. आता ती नाही, आणि घरात दुसरं कुणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलतो आहे. थांबत थांबत बोलेन — हे सरळ सांगण्याची सवय मला नाही.

गुडघ्यांपासून सुरुवात करतो. विमलचे गुडघे साठीच्या आधीच दुखायला लागले. खाली बसून भाजी निवडणं सुटलं, मग देवपूजाही स्टुलावर आली. जिना ती आडवी उतरायची, खेकड्यासारखी, आणि स्वतःच हसायची. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. झीज आहे, पण ऑपरेशनची वेळ आलेली नाही, म्हणाले, आणि फिजिओथेरपीला पाठवलं. तिथल्या डॉक्टर तरुण होत्या, स्पष्ट बोलायच्या. विमलच्या गुडघ्याखाली त्यांनी टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि ती गुडघ्याने दाबायला लावली. खुर्चीत बसून पाय सरळ उचलून धरायला शिकवलं. मांडीत ताकद आली की गुडघ्यावरचा भार हलका होतो, म्हणाल्या. शिवाय रोज सपाट रस्त्यावर चालायचं.

चालायला विमलची ना नव्हतीच. मखमलाबादच्या फूलशेतीवाल्यांची लेक ती. झेंडूच्या सऱ्यांमधून फिरतच मोठी झालेली. शेजारच्या मंगलबरोबर ती संध्याकाळी जॉगिंग ट्रॅकवर जायला लागली. तिथे आणखी चार-पाच जणी जमल्या. चालणं कमी, बोलणं जास्त — असं मी म्हणायचो. ती घरी यायची तेव्हा तिचा चेहरा वेगळाच असायचा. तो मला आवडायला हवा होता, नाही का?

मी नुकताच कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो होतो. जन्मभर शांतता हवी म्हणत आलो, आणि ती मिळाली तेव्हा घरभर पसरलेली पाहून घाबरलो. विमल बाहेर पडली की पुस्तक उघडायचो आणि तेच पान पुन्हा वाचायचो. मंगल खालून हाक मारायची, "भाऊजी, तुम्हीपण या की! पुस्तकांना काय पाय फुटणारेत?" विमल दारातून म्हणायची, "भाकरी झाकून ठेवलीय हो. नाहीतर बसाल पुस्तकालाच लोणचं लावून." दोघी हसायच्या. मीही हसायचो. गेलो मात्र नाही. मला त्यांच्यात जायचं नव्हतं — मला ती घरात हवी होती. एवढं साधं वाक्य तिच्यासमोर उच्चारता आलं असतं तर पुढचं काही झालं नसतं.

चालणं सुरू झाल्यावर काही दिवसांनी तिचा उजवा गुडघा सुजला. ती कॉटवर बसली, गुडघ्यावर हात ठेवून. पायात चपला होत्या, म्हणजे निघायची तयारी होती. "अहो, डॉक्टरांना विचारा ना. चालू की थांबू?"

मी फोन घेऊन गॅलरीत गेलो. डॉक्टर म्हणाल्या, "काका, सूज उतरेपर्यंत अंतर कमी करा, बर्फ लावा. पण चालणं बंद नको हं. सुरुवातीला दुखतंच. काकूंना जरा धीर द्या."

खाली फाटकाशी मंगल उभी होती. वर बघत होती. फोन अजून माझ्या कानालाच होता, आणि मी हात हलवून तिला खूण केली — नाही, ती येणार नाही. मंगल वळली आणि निघाली. विमलशी खोटं बोलण्याआधी मी ते हाताने बोलून टाकलं होतं.

आत आलो. "चालणं बंद कर म्हणाल्या."

"किती दिवस?"

"बघू म्हणाल्या."

तिने वाकून चपला काढल्या. विश्वास ठेवायला तिला जड गेलं नाही. दुखऱ्या गुडघ्याला विश्रांती, हे कुणालाही पटतंच. आणि घरात वाचणारा, चार गोष्टी कळणारा म्हणून मी होतो.

पुढे मी तिला पुन्हा त्या डॉक्टरांकडे नेलं नाही. टॉवेलची गुंडाळी कपाटात गेली, मी आठवण केली नाही. रोज संध्याकाळी निर्गुडीच्या तेलाने तिचे गुडघे चोळायचो — मनापासून, हे खोटं नाही. तिला वाचून दाखवायचो. ती ऐकायची, पण फाटक वाजलं की मान तिकडे वळायची. मैत्रिणी सुरुवातीला घरी यायच्या. मग कमी झाल्या. तिच्या मांड्या बारीक होत गेल्या, माझ्या हातांना ते रोज कळत होतं. काठी आली, मग वॉकर.

एका दसऱ्याला तिला माहेरी नेलं. शेताच्या बांधावर तिला जाता येईना. रिक्षातच बसून राहिली. भावाने झेंडूची रास आणून तिच्या मांडीवर ओतली. "मला काय देवी करून बसवलंय?" असं म्हणून ती हसली, आणि मग तोंड फिरवून सऱ्यांकडे बघत राहिली. तेव्हा सांगता आलं असतं. तेव्हाही.

ती गेली ती छातीच्या आजाराने. भेटायला आलेली मंगल सगळ्यांसमोर म्हणाली, "भाऊजींनी फुलासारखं जपलं हो तिला." मी मान खाली घातली. लोकांना ते दुःख वाटलं.

यंदा माझे गुडघे दुखायला लागले. त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला ओळखलं. "काकू कशा आहेत? चालतात ना?" गेल्या, एवढंच म्हणालो. मग त्यांनी मला तेच सगळं सांगितलं — टॉवेल, खुर्ची, सपाट रस्ता. मी चाललो. आधी दुखणं वाढलं. एकदा सूजही आली. अंतर कमी केलं, बर्फ लावला, थांबलो नाही. हळूहळू उतार पडला. तिचंही असंच झालं असतं का, ते मला ठाऊक नाही. तिला ते बघू दिलं नाही, हे मात्र ठाऊक आहे.

परवा ट्रॅकवर मंगल भेटली. बरोबरीने चालू लागली. म्हणाली, "विमलला डॉक्टरांनीच नको म्हटलं, नाहीतर आज तीही असती की आपल्याबरोबर. हो ना, भाऊजी?"

"हो," मी म्हणालो.

आम्ही आणखी एक फेरी मारली. त्या दिवशी माझा गुडघा अजिबात दुखत नव्हता.