उल्लेखांचे गुण

छप्पन साली नवा मध्यप्रदेश झाला आणि आमच्या ग्वाल्हेरच्या कचेऱ्या टेबलखुर्च्यांसकट भोपाळला निघाल्या. माधवगंजातल्या आमच्या गल्लीत घरटी एक तरी माणूस सरकारी नोकरीत, त्यामुळे कुणी कुणाला भेटलं की पहिला प्रश्न हाच असे, "तुमचं काय झालं?" वडील दरबारच्या नोकरीतून कधीच मोकळे झाले होते, त्यांना या धांदलीची गंमत वाटायची. मला नव्हती वाटत. मी सरकारी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते, आणि चार वेगवेगळ्या राज्यांतले प्राध्यापक आता एकाच यादीत बसवायचे होते. कोण वर, कोण खाली, हे ठरवायला भोपाळहून समिती येणार होती.

आमच्या विभागात वरची जागा एकच. ती मिळेल तो ग्वाल्हेरात राहणार, प्रयोगशाळा त्याच्या ताब्यात. दुसऱ्याची रवानगी कुठल्या तरी आडगावच्या कॉलेजात, जिथे सूक्ष्मदर्शक ही कपाटात कुलूप लावून ठेवायची वस्तू. मला ती जागा हवी होती. मानासाठीही हवी होती, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त हवी होती ती एका बावडीसाठी.

मुरारच्या पलीकडे एका गावात नारू होता. नारू म्हणजे काय हे आता समजावून सांगावं लागतं, ही चांगलीच गोष्ट आहे. दोऱ्यासारखा, हातभर लांब किडा माणसाच्या पायातून कातडी फोडून बाहेर येतो; लोक तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढतात. आग इतकी होते की माणूस पाय पाण्यात बुडवतो, आणि पाय पाण्यात पडला की किडा आपली पिल्लं तिथेच सोडतो. ती पाण्यातल्या बारीक पिसवांच्या पोटात जातात, त्या पिसवा पिणाऱ्याच्या पोटात, आणि वर्षभरानं पुन्हा कुणाचा तरी पाय फुटतो. गावाला प्यायचं पाणी एकाच बावडीचं, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीचं. पायऱ्या उतरायच्या, घोटाभर पाण्यात उभं राहायचं आणि घागर बुडवायची. म्हणजे रोगाला दुसरीकडे कुठे जायची गरजच नव्हती.

फाल्गुनापासून आषाढापर्यंत दर पंधरवड्याला मी तिथलं पाणी आणून तपासत होते, पिसवा केव्हा वाढतात आणि त्यांतल्या किती बाधलेल्या असतात ते पाहत होते. जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी शब्द दिला होता, "तीन उन्हाळ्यांचे सलग आकडे द्या, पायऱ्या बंद करून कठडा आणि रहाट बसवून देतो." दोन उन्हाळे झाले होते. त्या दोन उन्हाळ्यांचं काम मी हिंदीत लिहून राज्याच्या आरोग्य खात्याच्या त्रैमासिकात छापलं होतं. मुद्दाम तिथेच. ते तालुक्याच्या डॉक्टरांच्या टेबलावर पडायचं, कंपाउंडर ते वाचायचे. नारू लंडनला नव्हता, मुरारच्या पलीकडे होता.

समिती इंदरगंजातल्या एका कचेरीत बसली. तिघेजण, चहा, आणि समोर छापील तक्ता. विलायती जर्नलमधल्या पेपरला इतके गुण, देशी जर्नलला त्याच्या निम्मे, आणि दुसऱ्या कुणी आपल्या पेपरमध्ये त्याचा उल्लेख केला असेल तर दर उल्लेखाला वर आणखी गुण. अध्यक्षांनी माझं त्रैमासिक दोन बोटांनी उचललं.

"ये तो डिपार्टमेंट का परचा है, बहनजी. और अब तो बंद भी हो गया."

"बंद झालं म्हणून त्यातलं खोटं ठरत नाही," असं माझ्या तोंडून मराठीतच निघून गेलं. मग हिंदीत म्हटलं, "आपने पढ़ा?"

"पढ़ने का सवाल नहीं है. इसका उल्लेख किसने किया?"

कोण करणार होतं? गावातल्या शाळामास्तरांनी तो पेपर वाचून पोरांना पाणी दुपदरी फडक्यातून गाळायला लावलं होतं. त्या फडक्याला तक्त्यात रकाना नव्हता. मला शून्य मिळालं. अर्धासुद्धा नाही, शून्य.

जागा मिळाली महाकोशलातून आलेल्या सहकाऱ्याला. माणूस सज्जन, मितभाषी, शिकवायलाही बरा. नर्मदेच्या पात्रातल्या एका गोगलगायीवर त्याचा एक पेपर होता, विलायती जर्नलमध्ये छापलेला आणि परदेशी विद्वानांनी पुन्हा पुन्हा उल्लेखलेला. वरची जागा त्याला त्या उल्लेखांनी मिळवून दिली होती. मला वाटलं, एवढं काय लिहिलंय ते वाचावं तरी. यात मत्सर होताच. कॉलेजच्या लायब्ररीत ते अंक होते. मी बसून एकेक उल्लेख काढला.

पहिल्यानं लिहिलं होतं, ही नवी जात नाही, जुनीच ओळखायला चुकली आहे. दुसऱ्यानं लिहिलं होतं, अमुक यांची चूक आधीच दाखवली गेली आहे. तिसऱ्यानं नुसतं नाव घेऊन या चुकीपासून इतरांनी सावध राहावं असं म्हटलं होतं. एकाही विद्वानानं त्याच्या बाजूनं लिहिलं नव्हतं. आणि समितीनं प्रत्येक उल्लेखाचे गुण इमानेइतबारे दिले होते! मी एकटीच हसत सुटले. लायब्रेरियन डोकावून बघून गेले. मग हसू थांबलं आणि असा संताप आला की ते सगळे अंक मी नावावर लिहून घेऊन घरी आणले.

दुसऱ्या दिवशी अंक काखेत मारून मी अध्यक्षांपुढे उभी राहिले. ते स्टेशनवर जायच्या घाईत होते. मी पानं उघडून दाखवली. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, आणि मला म्हणाले,

"विरोध में ही सही, चर्चा तो हुई. आपकी तो चर्चा ही नहीं हुई."

त्यांना यात काही वावगं वाटलं नाही, याचाच मला आजही राग येतो. लबाड माणूस परवडतो, त्याला निदान लबाडी कळते. हे गृहस्थ प्रामाणिक होते. त्यांनी मोजता येईल ते मोजलं होतं, आणि मोजलं म्हणजे न्याय झाला असं त्यांना मनापासून वाटत होतं. वाचायला बसले असते तर मत द्यावं लागलं असतं, आणि मत द्यायचं म्हणजे जबाबदारी घ्यायची. तक्त्यानं ती कटकटच मिटवून टाकली होती.

फाल्गुन लागला होता. बदलीचा हुकूम हातात, आठवड्याभरात आडगावी हजर व्हायचं. मी सहकाऱ्याला गाठलं. म्हटलं, उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत बावडीचं पाणी तेवढं तुम्ही तपासा, पुढचं मी सुट्टीत येऊन करते. नाव तुमचंच घाला, माझं नको.

तो म्हणाला, "बहनजी, आप बुरा मत मानिए. इसका पेपर बाहर कहीं नहीं छपेगा. अगली बार लिस्ट बनेगी तो मुझसे भी यही पूछेंगे ना?"

मला त्याच्यावर ओरडता येईना. तो खरंच बोलत होता. समितीनं त्याला जे शिकवलं ते तो शिकला होता.

सुट्टी लागल्या लागल्या मी ग्वाल्हेरला आले, आईला भेटून थेट आरोग्य अधिकाऱ्यांकडे गेले. अधिकारी बदलले होते. नव्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, आकडे सलग नाहीत, मधले महिने रिकामे आहेत, मंजुरी कशी मागू? पुन्हा पहिल्या उन्हाळ्यापासून सुरू करा.

तिथून टांगा करून गावात गेले. ऊन मी म्हणत होतं. बावडीजवळ राहणारी एक बाई मला ओळखायची, पाणी न्यायला आले की दोन शब्द बोलायची. ती घागर घेऊन लंगडत येत होती. घोट्याला चिंधी, चिंधीतून बाहेर आलेली काडी, आणि काडीला गुंडाळलेला पांढरा दोरा.

"चैत में तो तुम आईं नईं, बाईसाब," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरायला लागली.

मी ओरडले, "रुको! वो पैर पानी में मत डालो!"

ती पाण्याच्या काठाशी थांबली. घागर कमरेवर तशीच. तिनं आधी पाण्याकडे पाहिलं, मग वर माझ्याकडे. रागानं नाही, खरोखरच विचारायचं म्हणून तिनं विचारलं, "तो पानी कहाँ से भरूँ?"

मी तिची घागर घेतली आणि स्वतः उतरून भरून दिली. तेवढ्यात तिच्या मागून आणखी दोन बाया लंगडत आल्या, मला वळसा घालून खाली गेल्या आणि घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या.