बेर्टाचा सत्कार

किस्से शेणासारखे असतात. मुद्दाम कोणी साठवत नाही. रोज थोडं पडतं आणि एक दिवस बघावं तर ढीग! मी अ‍ॅमस्टेलव्हीन या डच गावी लेकाकडे, मंदारकडे, पाहुणी म्हणून आले, कोरोनानं विमानं बंद झाली, आणि त्याच्या मित्रांच्या घोडाक्लबचा ढीग माझ्या वाट्याला आला.

*

लॉकडाऊनमध्ये फिरायची तेवढी मुभा होती. फिरता फिरता या मंडळींना हेंक नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची घोडी दिसली. नांगर, गाडा ओढणारी जात. पाय उखळासारखे, पाठ डायनिंग टेबलाएवढी, नाव बेर्टा. सगळे प्रेमातच पडले.

हेंक म्हणाला, माझे गुडघे गेलेत. खरारा करायला, तबेला झाडायला, तिला कामाला जुंपायला माणसं आली तर ठेवीन. नाहीतर थंडीच्या आधी व्यापारी नेईल. व्यापारी पुढे तिचं काय करणार, हे त्यानं सांगितलं नाही. विचारलंही कोणी नाही.

शिरीष म्हणाला, आम्ही आहोत ना! हा मूळचा कोथरूडचा, इथे झुइडास नावाच्या ऑफिसांच्या भागात एका बँकेत मॅनेजर. घोडीसाठी त्यानं घरी येऊन पहिलं काम काय केलं? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला.

*

शिरीष अध्यक्ष झाला. मग उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव. सगळ्यांना पदं मिळाली, तबेल्याला माणूस मिळेना.

मग टी-शर्ट आले. त्यावरचा घोडा शर्यतीचा, सडपातळ, चौखूर उधळलेला. मी म्हटलं, अरे, ही आपली बेर्टा नव्हे.

"काकू, ते व्हिजन आहे," शिरीष म्हणाला.

बरं बाबा. पोट आत घेऊन टी-शर्ट घालणाऱ्यांना व्हिजन लागतंच.

*

मीटिंग लॅपटॉपवर व्हायची. मी मागे भाजी निवडत ऐकायची. एकानं बेल्जियमच्या घोड्यांपासून सुरुवात केली, तो थेट शिवकाळात पोचला. वा वा झालं. मग मंदारनं साधं विचारलं, शनिवारी शेण कोण काढणार?

सगळ्यांचं नेट एकदम गेलं! या देशात गाईच्या गोठ्यातसुद्धा नेट असतं.

*

क्लब वाढला मात्र झपाट्यानं. आइंडहोव्हनहून इंजिनिअर मंडळी आली. आता आपली माणसं वाढली की काय होतं ते मी सांगायला नको. दोन क्लब झाले. घोडी तीच, एकच. भांडण कशावरून, तर फोटोत बेर्टाचा लगाम कोणी धरायचा यावरून.

एकदा मंदार मला तिकडे घेऊन गेला. बेर्टाच्या शेपटीत हाऽ गुंता, चिखलाच्या गाठी. मी म्हटलं, "हिला दोन क्लब आहेत, पण एक कंगवा नाही."

*

पानं गळायला लागली आणि हेंकनं निरोप धाडला, शनिवारी व्यापारी येतोय. मला वाटलं, आता तरी धावतील. तर दोन्ही क्लब भांडण विसरून एक झाले आणि त्यांनी ठरवलं, बेर्टाचा निरोपसमारंभ करायचा! शाल, श्रीफळ, भाषण.

"जित्या घोडीचं तेरावं घालताय का रे?" मी मंदारला विचारलं.

शनिवारी सगळे दीड-दीड मीटरवर उभे. शिरीषनं बेर्टाच्या पाठीवर शाल घातली. शाल तिथे रुमालाएवढी दिसायला लागली. नारळ पुढे केला, तो तिनं हुंगून सोडून दिला. शिरीषनं भाषणाचा कागद काढला, तेवढ्यात व्यापाऱ्याचा ट्रक फाटकातून आत आला आणि ओल्या गवतात रुतला.

इंजिनिअर लोकांनी चाकाभोवती चर्चा केली. मग ढकलला. ट्रक आणखी रुतला. टी-शर्टवरचे उधळलेले घोडे चिखलात माखले.

शेवटी हेंक लंगडत आला. बेर्टावर साज चढवला, ट्रकला साखळी लावली, तोंडानं टकटक केलं. बेर्टा शालीसकट पुढे झुकली आणि तिनं तो ट्रक उलटा ओढत पार रस्त्यावर नेऊन उभा केला.

व्यापारी तिला चढवायला मागचं दार उघडू लागला. हेंक त्याला काहीतरी म्हणाला. मंदारनं मला त्याचा अर्थ सांगितला. "आई, तो म्हणतोय, ही आता कामावर आहे."

ट्रक रिकामाच गेला.

शिरीष कागद धरून तसाच उभा. हेंक दीड मीटर विसरून त्याच्याजवळ गेला. बेर्टाच्या पाठीवरची शाल काढून त्यानं शिरीषच्या खांद्यांवर नीट पांघरली, आणि नारळाच्या जागी हातात फावडं दिलं.

आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.